लेखकाचा चेहरा, लेखकाचे अक्षर

संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे १९९९ साली निघाले, तुकोबांचे २००२ साली. दोन्ही स्टेनलेस स्टीलची, २५ मिलिमीटर व्यासाची, वजनाला पाच ग्रॅमहून किंचित कमी. बेळगावजवळच्या शहापूर-वडगावच्या बाजारात सुट्या पैशांतून ती सहज हाती यायची आणि तशीच पुढे जायची. मराठीतले दोन सर्वांत मोठे कवी चलनात आले आणि तेही रुपयावर, म्हणजे ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याही हातात पोचणाऱ्या नाण्यावर. याचा आनंद मला अजून वाटतो. पण नाणे हातात घेऊन नीट पाहिले की एक उणीव खुपते. आकृती आहे, नाव आहे, ‘संत’ ही पदवी आहे, साल आहे. ज्या ओवीमुळे आणि ज्या अभंगामुळे ही माणसे सातशे आणि चारशे वर्षे आपल्या तोंडात राहिली, त्यांतला एक शब्दही त्या नाण्यावर नाही.

पुस्तके, वाचन आणि लेखक यांची नाणी जमवणारे लोक आपल्या सीमाभागात थोडे आहेत, पण आहेत. या छंदाचा आणि त्याला खाद्य पुरवणाऱ्या नाणेकलेचा आजचा हिशेब मांडायचा तर माझे म्हणणे एवढेच: आपल्याकडे लेखक नाण्यावर येतो, लेखन येत नाही. आणि लेखन आल्याशिवाय ते नाणे साहित्याचे होत नाही.

हे शहापुरात बसून लिहिण्याला एक कारण आहे. नाण्यांच्या अभ्यासात या गावाचे नाव येते ते शहापुरी रुपयामुळे. शहापूर १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते. बेळगाव ब्रिटिशांचे आणि त्याला चिकटून असलेले शहापूर संस्थानी. विणकर, सोनार आणि सराफ यांची ही पेठ. दक्षिण महाराष्ट्रात तेव्हा किती तरी टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा लावायचा हे सराफ ठरवी. मराठी टांकसाळींतल्या बहुतेक रुपयांवर नाव मोगल बादशहाचेच असे आणि मजकूर फार्सी. त्यावर चित्र नसेच. एखादे फूल, त्रिशूळ, टिंबांची रांग, एवढीच टांकसाळीची खूण. बाकी सगळी जागा अक्षरांची.

या अक्षरांत पुष्कळदा कविता असे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जहांगीराने नाण्यांवर फार्सी शेर घातले, त्यांतल्या काहींत नूरजहानचे नाव गुंफले. औरंगजेबाच्या रुपयावर शेर आहे, शाह आलमच्या रुपयावरही आहे. मराठ्यांनी शाह आलमच्या नावाने जे रुपये पाडले, त्यांवर त्या शेराचे तुकडे उतरले. तुकडेच, कारण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. घाव बसला की मजकुराचा मधला भाग उमटे आणि कडेचे शब्द हवेत राहत. पुढे पुढे ठसे खोदणाऱ्यालाच फार्सी येईनाशी झाली, तशी अक्षरे नक्षीसारखी होत गेली. लोक कवितेचा रुपया वापरत होते आणि ती कविता कोणी वाचू शकत नव्हते. सराफही रुपया वाचत नसे, खुणेवरून पारखत असे.

याच्या शेजारी शिवराई ठेवून पाहा. तांब्याचा पैसा, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि लिपी देवनागरी. चांदीचा रुपया सावकाराच्या तिजोरीतला, त्याची भाषा दरबारची. तांब्याचा पैसा बाजारहाटाचा, त्याची लिपी इथल्या माणसाची. शिवराई एकोणिसाव्या शतकातही आपल्या भागात चालत राहिली. तिच्यावरही चित्र नाही. जी काही शोभा आहे ती अक्षरांच्या वळणाची आणि भोवतीच्या टिंबांच्या वर्तुळाची. ‘वाचनाची नाणी’ असा संग्रह सीमाभागातल्या माणसाने करायचा तर त्याची सुरुवात शिवराईने व्हावी, असे मी आग्रहाने सांगतो. पुस्तकाचे चित्र असलेले नाणे नंतर घ्यावे. आधी जे नाणे स्वतःच वाचायला लावते ते घ्यावे.

लेखकाचा चेहरा नाण्यावर आणण्याची रीत पश्चिमेची आणि फार जुनी. आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरची, तेव्हाच्या स्मर्ना नगराची काशाची नाणी आहेत. त्यांवर होमर बसलेला आणि हातात गुंडाळी. या नाण्याला लोक होमरच्याच नावाने ओळखत, असे स्ट्राबो या भूगोलकाराने नोंदवले आहे. होमर आमच्या गावचा, हे सांगायला त्या नगराने नाणे पाडले. लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनीने रोमन काळात तसेच कवयित्री सॅफोसाठी केले. राजाच्या आधाराशिवाय कवी नाण्यावर आला तो असा, गावाच्या अभिमानातून.

आजच्या युरोपात हा अभिमान रोजच्या चिल्लरीत दिसतो. इटलीच्या दोन युरोवर राफाएलने काढलेला दान्ते आहे. स्पेनच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटवर सर्व्हान्तेस. स्लोव्हेनियासारख्या लहान देशाने तर एक युरोवर प्रिमोझ ट्रुबार घेतला. त्याची ओळख एवढीच की स्लोव्हेन भाषेतले पहिले छापील पुस्तक त्याचे. दोन युरोवर कवी फ्रान्स प्रेशेरन, आणि त्याच्या चेहऱ्याशेजारी त्याच्या कवितेचे शब्द. वीस-एकवीस लाखांचा देश, बेळगाव जिल्ह्याच्या निम्म्या लोकवस्तीचा. त्याने आपल्या भाषेतली ओळ अशा नाण्यावर घातली जे युरो चालतो त्या प्रत्येक देशात चालते. मला या नाण्याचे फार अप्रूप आहे.

पण या विषयातली कलेच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेली नाणी कोणती असे विचारले, तर मी ब्रिटनची तीन नाणी पुढे ठेवीन. पहिले २००० सालचे पन्नास पेन्स. १८५० च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याला दीडशे वर्षे झाली म्हणून ते काढले. मेरी मिल्नर डिकन्स यांच्या त्या रचनेत खाली ग्रंथालयाच्या इमारतीचे खांब आहेत आणि वर छपराच्या जागी उघडे पुस्तक, पाने उलटत असलेले. यात कोणी थोर पुरुष नाही. एक कायदा, एक इमारत आणि एक पुस्तक. असे नाणे एक कोटीच्या वर संख्येने पाडले गेले आणि लोकांच्या खिशात गेले.

दुसरे २००५ चे, तेही पन्नास पेन्सचे. सॅम्युएल जॉन्सनच्या शब्दकोशाला अडीचशे वर्षे झाली होती. चित्रकार टॉम फिलिप्स यांनी जॉन्सनचा चेहरा घेतलाच नाही. त्यांनी कोशातल्या दोन नोंदी नाण्यावर उतरवल्या, ‘पन्नास’ची आणि ‘पेन्स’ची. नाण्याची किंमत लिहायलाच हवी होती. ती किंमत त्यांनी कोशाच्या भाषेत लिहिली. कोशकाराला याहून नेमका मान कोणी दिला नसेल.

तिसरे २०११ चे दोन पौंडांचे, इंग्रजी बायबलच्या जेम्स राजाच्या आवृत्तीला चारशे वर्षे झाल्याबद्दलचे. अर्ध्या भागात छापखान्याच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरे, अर्ध्या भागात तीच अक्षरे सुलटी, कागदावर उमटल्यासारखी. नाणे आणि छापील पान ही दोन्ही उलट्या ठशातूनच जन्माला येतात. ठसा खोदणाऱ्याला आणि खिळे जुळवणाऱ्याला दोघांनाही उलटे वाचता यावे लागते. टांकसाळ आणि छापखाना यांचे हे नाते त्या एवढ्याशा जागेत मांडले आहे. जुना छापखाना ज्याने पाहिला आहे, त्याने हे नाणे एकदा भिंगाखाली धरावे.

अक्षरे घेतली की जबाबदारी वाढते, हेही मान्य करायला हवे. आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०१३ मध्ये जेम्स जॉइससाठी दहा युरोचे चांदीचे नाणे काढले आणि त्यावर ‘युलिसिस’मधली ओळ घातली. ओळीत एक शब्द जादा पडला. ज्या लेखकाने एकेका शब्दासाठी वर्षे घालवली, त्याच्याच ओळीत चूक. बँकेला खुलासा करावा लागला, ज्यांना नको त्यांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. तरीसुद्धा चुकलेली ओळ असलेले ते नाणे मला ओळच नसलेल्या नाण्यापेक्षा जवळचे वाटते. निदान तिथे कोणाला वाटले की लेखक त्याच्या वाक्यात भेटतो.

वाचन ही क्रिया नाण्यावर सर्वांत जिवंत उतरली ती डोळ्यांनी वाचणाऱ्यांची नव्हे. २००९ साली लुई ब्रेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली आणि अनेक देशांनी नाणी काढली. इटलीच्या दोन युरोवर उघडे पुस्तक आहे आणि त्यावरून सरकणारा हात, पुढे तर्जनी. बेल्जियमने ब्रेलच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंना त्याची आद्याक्षरे त्याच्याच लिपीत दिली. अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरवर पुस्तकाच्या पानावर बोटे ठेवून वाचणारे मूल आहे, आणि त्याच्या वर बोटाला वाचता येतील असे ठिपके. त्याआधी २००३ मध्ये अलाबामा राज्याच्या पाव डॉलरवर हेलन केलर आली होती, खुर्चीत बसलेली, मांडीवर ब्रेलचे पुस्तक. ते रोजच्या वापरातले नाणे होते. भारतानेही २००९ मध्ये ब्रेलसाठी दोन रुपयांचे नाणे काढले. परदेशातल्या एका शिक्षकाला, कोणताही राजकीय लाभ नसताना, आपण हातोहाती फिरणाऱ्या नाण्यावर स्थान दिले. आपल्या टांकसाळींच्या अलीकडच्या कामात ही मला मनापासून मानाची गोष्ट वाटते.

आपल्याकडची बाकीची यादी पाहिली की निवडीचा कल ध्यानात येतो. तिरुवळ्ळुवर १९९५, महात्मा बसवेश्वर २००६, लोकमान्य टिळक २००७, रवींद्रनाथ २०११, विवेकानंद २०१३, मीराबाई २०२३. यांतला प्रत्येक जण लेखक होता आणि त्यांतले बहुतेक जण नाण्यावर आले ते संत, धर्मपुरुष किंवा पुढारी म्हणून. अर्थशास्त्राचा कर्ता चाणक्य आला तो आयकर खात्याच्या दीडशे वर्षांच्या नाण्यावर. टिळकांच्या नाण्यावर मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’ची आठवण नाही, ‘केसरी’ची नाही. केवळ साहित्यासाठी आलेला आधुनिक लेखक म्हणाल तर एकटे रवींद्रनाथ, आणि त्यांनाही नोबेलचा आणि राष्ट्रगीताचा आधार आहे.

टपाल खात्याचे धोरण याहून उदार राहिले. वि. स. खांडेकरांचे तिकीट १९९८ मध्ये निघाले, पु. लं.चे २००२ मध्ये. मराठी कादंबरीकार आणि विनोदकार तिकिटावर जाऊ शकतो, नाण्यावर मात्र अजून कोणी गेलेला माझ्या पाहण्यात नाही. तिकीट पाकिटावर एकदा चिकटले की त्याचे काम संपते. नाणे वीस-पंचवीस वर्षे हातांतून फिरते. म्हणून ही उणीव मला अधिक बोचते.

तमिळ लोकांनी काय केले तेही पाहावे. अण्णादुराईंच्या जन्मशताब्दीला २००९ मध्ये पाच रुपयांचे नाणे निघाले, त्यावर त्यांची तमिळ सही आहे. भारतीय नाण्यावर देवनागरी आणि रोमनखेरीज तिसरी लिपी अशी सहीच्या वाटेने शिरली. करुणानिधींच्या शंभर रुपयांच्या नाण्यावर २०२४ मध्ये तमिळचा विजय होईल अशा अर्थाचे त्यांचे शब्द तमिळमध्येच आले. दोघेही मुख्यमंत्री, त्यामुळे राजकारणाचा जोर होताच. पण ते दोघे लेखकही होते, आणि चेहऱ्याबरोबर अक्षरही हवे हा हट्ट तिथे कोणीतरी धरला.

आता कारागिरीविषयी. आपले पाच रुपयांचे स्मारक नाणे बहुधा २३ मिलिमीटरचे. त्याच्या कडेने हिंदी आणि इंग्रजीत नाव, पुन्हा दोन्ही भाषांत ‘जन्मशताब्दी’ किंवा तत्सम शब्द, खाली साल आणि टांकसाळीची खूण. मध्ये उरलेल्या जागेत चेहरा, तोही बहुधा प्रसिद्ध छायाचित्रावरून उचललेला. छायाचित्रातला उजेड धातूच्या उठावात तसाच उतरत नाही. गाल सपाट होतात, डोळे बाहुलीचे वाटतात, आणि दोन वर्षे वापरले की नाक झिजून सगळे चेहरे सारखे दिसू लागतात. आपल्या स्मारक नाण्यांत शिल्पकाराचा हात दिसत नाही, खात्याचा दिसतो. ब्रिटिश नाण्याच्या रचनाकाराचे नाव जाहीर होते, त्याच्यावर टीका होते, कौतुक होते. आपल्या ज्ञानेश्वरांचे नाणे कोणी कोरले हे नाणे जमवणाऱ्यालाही सांगता येत नाही. ज्या कलेत कर्त्याचे नाव नाही तिची समीक्षा कशी वाढणार?

दुसरी अडचण चलनाची. ज्ञानेश्वर, तुकाराम, बसवेश्वर, टिळक यांची नाणी बाजारात फिरली. गेल्या काही वर्षांत निघणारी बरीचशी स्मारक नाणी मात्र मोठ्या दर्शनी किमतीची असतात. मीराबाईंचे नाणे ५२५ रुपयांचे. शंभर, दीडशे रुपयांची जुनी स्मारक नाणी ४४ मिलिमीटरची, ३५ ग्रॅमची, निम्मी चांदी असलेली. ती टांकसाळीकडे नोंदणी करून डबीत येतात आणि डबीतच राहतात. त्यांची किंमत दर्शनी किमतीच्या कितीतरी पट. शाळकरी मुलाने सुट्या पैशांतून संग्रह सुरू करावा ही वाट त्यामुळे बंद होत चालली आहे. लेखकाचे नाणे वाचकापर्यंत पोचलेच नाही तर ते पदकच म्हणावे लागेल. दूरच्या नियुए बेटाच्या नावावर खासगी टांकसाळी हॅरी पॉटरची जी रंगीत नाणी काढतात, त्यांना मी याच कारणाने संग्रहात जागा देत नाही. कुठल्याही दुकानात न चालणारे नाणे माझ्या लेखी नाणे नाही.

संग्राहकांचाही यात दोष आहे. आपल्याकडचे बहुतेक अल्बम सालाप्रमाणे आणि टांकसाळीप्रमाणे लावलेले असतात: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूण नाही. एकाच टिळकांची वेगवेगळ्या खुणांची नाणी लावली की पान पूर्ण झाले असे वाटते. ही मोजणी उपयोगाची आहे, पण हा संग्रह वाचत कोणी नाही. बेळगावच्या संग्राहकाला विषय शोधायला लांब जावे लागत नाही. विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात इथे राहिले. टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६ मध्ये इथे केली. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधी होते, आणि ते अधिवेशन इथेच भरले. रवींद्रनाथ १८८३ मध्ये शेजारच्या कारवारला राहिले आणि तिथे त्यांनी नाटक लिहिले. या चौघांची नाणी एका पानावर लावून खाली त्यांच्या इथल्या मुक्कामाविषयी चार ओळी लिहिल्या तर ते पान आपल्या गावचे होईल. त्याच पानावर बसवेश्वर आणि तुकोबा शेजारी ठेवावेत. शहापुरातल्या गल्ल्यांत बसवेश्वरांचे वचन आणि तुकोबांचा अभंग दोन्ही ऐकू येतात, आणि दोघांनीही पंडितांची भाषा सोडून लोकांची घेतली.

शहापूरचे सरस्वती वाचनालय किंवा १८४८ पासूनचे बेळगावचे सार्वजनिक वाचनालय अशा पानांचे प्रदर्शन भरवू शकेल. आपल्याकडे ग्रंथालयाच्या सर्वांत जवळ जाणारे नाणे माझ्याकडे आहे ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या १२५ वर्षांचे, २०१६ चे. ब्रिटनच्या ग्रंथालय-नाण्याशेजारी ते ठेवले की रचनेतला फरक मुलांनाही कळतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. नाणे चिंचेने, राखेने किंवा पावडरीने घासू नये. चकाकी येते आणि अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. आणि जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना जाहीर सावध केले आहे. तुकोबांचा रुपया हा रुपयाच आहे, आणि तो तसाच जपावा.

आता एक मागणी, आणि ती वेळेवर करायला हवी. १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकार संमेलन भरले. त्या परंपरेतले नव्व्याण्णवावे साहित्य संमेलन २०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला झाले, पुढचे शंभरावे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आहे. बेळगावात १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली जे संमेलन झाले, त्यातूनच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव पुढे आला, तेव्हा शंभराव्या संमेलनाशी आमचे नाते दूरचे नाही. भाषेच्या संमेलनासाठी नाणे काढता येते याला दाखलाही आहे: १९९५ मध्ये तंजावरला आठवी जागतिक तमिळ परिषद भरली, तिच्यासाठीच तिरुवळ्ळुवरांची नाणी निघाली. साहित्य महामंडळाने केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे असाच प्रस्ताव पाठवावा. त्यात तीन अटी ठेवाव्यात. नाणे चलनात फिरणारे असावे, पाच किंवा दहा रुपयांचे. रचनेसाठी खुली स्पर्धा घ्यावी आणि ज्याची रचना निवडली जाईल त्या कलावंताचे नाव जाहीर करावे. आणि कोणाचाही चेहरा न घेता मधोमध ज्ञानेश्वरीतली एक ओवी घ्यावी, सुवाच्य, प्रमाण प्रतीवरून दोनदा ताडून पाहिलेली. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. ओवीचे साडेतीन चरण त्यावर बसतात.